टर्बो सेडानचे कच्चे पार्ट आधी बदला, ताकद नंतर वाढवा: लॉरा, ऑक्टेव्हिया आणि सुपर्बसाठी इंदुरातून सविस्तर मार्गदर्शन

२०१६ साली भारतात आलेली नवी स्कोडा सुपर्ब १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन) दोन गिअरबॉक्समध्ये मिळत होती. इंजिन तेच, ताकद दोन्हींत १८० पीएस. पण मॅन्युअलवाल्या गाडीला टॉर्क ३२० न्यूटन-मीटर आणि सात गिअरच्या डीएसजीवाल्या (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्या) गाडीला फक्त २५०. कंपनीने हे मुद्दाम केलं, कारण ती कोरड्या क्लचची डीएसजी, म्हणजे डीक्यू२००, २५० न्यूटन-मीटरसाठीच बनवलेली आहे. इंजिनाची तयारी होती, पण गिअरबॉक्सची नव्हती, म्हणून इंजिनाला आवरावं लागलं.

टर्बो गाडी हातात आली की बहुतेक पोरं पहिल्या महिन्यात रिमॅपची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याची, चौकशी करतात. त्यांनी ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. गाडीतला सर्वांत कच्चा पार्ट जितका भार पेलतो, तितकीच त्या गाडीची खरी ताकद. म्हणून आधी कच्चे पार्ट शोधायचे, ते योग्य क्रमाने बदलायचे आणि मग ताकदीचा विचार करायचा. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

इंदुरात सेकंडहँड बाजारात स्कोडाच्या लॉरा १.८ टीएसआय, जुनी सुपर्ब १.८ टीएसआय आणि २०१३ नंतरची ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय बऱ्यापैकी दिसतात. या गाड्या चालवायला सुंदर आहेत, आणि किंमत उतरल्यामुळे नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलांच्याही आवाक्यात आल्या आहेत. तिन्हींचं इंजिन फोक्सवॅगन समूहाच्या ईए८८८ घराण्यातलं. लॉरा आणि जुनी सुपर्ब आधीच्या पिढीतल्या, १६० पीएसच्या. ऑक्टेव्हिया आणि २०१६ ची सुपर्ब तिसऱ्या पिढीतल्या, १८० पीएसच्या. पिढी बदलली की कच्चे पार्टही बदलतात, त्यामुळे पार्ट मागवण्याआधी आपली गाडी कोणत्या पिढीची आहे हे चॅसी नंबरवरून पक्कं करून घ्या.

पाना उचलण्याआधी: मोजमाप

पहिलं काम स्कॅनिंग. साधं ब्लूटूथ ओबीडी यंत्र इंजिनाचे कोड दाखवतं, पण गिअरबॉक्स आणि एबीएसच्या आत जायचं असेल तर व्हीसीडीएस किंवा ओबीडी इलेव्हनसारखं या समूहाच्या गाड्यांचं यंत्र हवं. सगळे कोड वाचा, फोटो काढा, मगच पुसा. काही दिवस गाडी चालवून पुन्हा वाचा. जे कोड परत आले तेच खरे.

दुसरं, ऑइल किती पितं ते बघा. सपाट जागेवर, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघायची आणि १,००० किलोमीटरनंतर तशीच पुन्हा बघायची. या समूहात १,००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खप 'चालेल' असा धरला जातो. माझ्या मते अर्धा लिटर फार झालं. लॉराच्या पिढीत पिस्टनच्या ऑइल रिंग बारीक होत्या आणि त्यांची भोकं कार्बनने चोंदतात. गाडी इतकं ऑइल पीत असेल तर रिमॅपचे पैसे बाजूला ठेवा आणि आधी इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असायला हवेत. एखादा फारच खाली असेल तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही.

तिसरं, हवेची गळती. टर्बोच्या तोंडाशी येणारा पाइप काढून तिथे सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं घट्ट झाकण लावायचं आणि कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरायची. १० पीएसआयच्या पुढे जाऊ नका. ही हवा क्रँककेसमध्येही (इंजिनाच्या पोटात) शिरते आणि जास्त दाबाने इंजिनाचं एखादं सील उडू शकतं. मग साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर टाका. बुडबुडे आले तिथे गळती. ऑक्टेव्हियात इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारे प्लॅस्टिकचे पाइप तारेच्या क्लिपने अडकतात आणि आतली रबर रिंग चपटी झाली की जोड बाहेरून घट्ट दिसतो पण दाब वाढला की फुसफुसतो. पी०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी असल्याचा कोड आला की मिस्त्री थेट टर्बोकडे बोट दाखवतो. कितीतरी वेळा दोष या रबर रिंगमध्ये असतो.

पहिला नंबर: चेन टेन्शनर (लॉरा आणि जुनी सुपर्ब)

लॉरा असेल तर बाकी सगळं सोडून हे आधी. या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, साखळी आहे. ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद झालं की दाब जातो आणि तेव्हा पिस्टन मागे सरकू नये म्हणून त्याला दातांची खिट्टी दिलेली असते. साधारण २०१२ पर्यंतच्या इंजिनांत हीच खिट्टी कच्ची होती. ती निसटली की साखळी सैल पडते आणि पुढच्या स्टार्टला एक-दोन दात सोडून पुढे सरकते. या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत येतात-जातात, त्यामुळे वेळ चुकली की व्हॉल्व्ह वाकतात. टेन्शनर काही हजारांत मिळतो. हेड उघडलं की हिशेब लाखात जातो.

लक्षण म्हणजे सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद येणारा खडखडाट. पण तो आवाज न येताही टेन्शनर गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणून कानावर भरवसा ठेवू नका. इंजिनाच्या बाजूच्या खालच्या कव्हरवर तपासणीचं एक छोटं रबरी बूच असतं. ते काढून बॅटरी आणि आरसा किंवा बारीक एंडोस्कोप कॅमेरा घेऊन बघितलं की टेन्शनर जुन्या बनावटीचा आहे की नव्या, हे कळतं आणि पिस्टन किती बाहेर आलाय तेही दिसतं. पिस्टन जितका बाहेर, तितकी साखळी लांबलेली. स्कॅनरवर कॅमशाफ्टचा फेज अँगलही बघा. तो शून्याच्या आसपास असेल तर साखळी ठीक. शून्यापासून दूर गेला असेल किंवा पी००१६ कोड येत असेल तर टेन्शनरबरोबर साखळी आणि गाइडही बदलायचे.

नव्या बनावटीच्या टेन्शनरचा नंबर ०६के-१०९-४६७-के. या समूहाच्या पार्ट नंबरात शेवटचं अक्षर सुधारणा दाखवतं. त्यामुळे तुमच्या जुन्या पार्टवरचं अक्षर आणि नव्या पार्टवरचं अक्षर एकत्र ठेवून बघायची सवय लावा. दुकानदाराने 'तोच आहे' म्हणत जुन्या अक्षराचा माल दिला तर घेऊ नका, कारण मग कच्चा पार्ट काढून कच्चाच पार्ट बसवल्यासारखं होईल.

काम करताना लक्ष द्यायच्या गोष्टी:

क्रँकच्या पुलीचा मधला बोल्ट पुली आणि आतलं साखळीचं चाक दोन्ही एकत्र धरतो. बोल्ट सैल केला की आतलं चाक मोकळं होतं. म्हणून ते धरून ठेवणारं खास टूल असल्याशिवाय हा बोल्ट सोडू नका. हे टूल ज्या गॅरेजमध्ये नाही, तिथे हे काम देऊ नका. मिस्त्री कितीही चांगला असला तरी.

तो बोल्ट एकदाच वापरायचा असतो, नवा आणा. खालच्या कव्हरचं सीलही नवं. कॅमशाफ्टच्या टोकाशी असलेल्या ब्रिजमध्ये ऑइलची एक बारीक जाळी असते. ती सुटून आत गेल्याची उदाहरणं या इंजिनात आहेत, तेव्हा तिथवर पोचलाच आहात तर ती जागेवर आहे ना, ते बघून घ्या.

सगळं बसल्यावर इंजिन हाताने, क्रँकच्या बोल्टवर पाना लावून, दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही अडलं तर जोर न लावता थांबा आणि खुणा पुन्हा जुळवा. मग कॉइलचे (प्लगला वीज देणारे भाग) आणि इंजेक्टरचे (पेट्रोल फवारणारे भाग) कनेक्टर काढून काही सेकंद स्टार्टर मारा म्हणजे रिकाम्या टेन्शनरमध्ये ऑइल भरेल. त्यानंतरच गाडी सुरू करा.

टेन्शनर बदलेपर्यंत एक पथ्य पाळा. चढावर किंवा उतारावर गाडी हँडब्रेकशिवाय, फक्त गिअरमध्ये टाकून उभी करू नका. गाडीच्या वजनाने इंजिन उलटं फिरलं तर हीच खिट्टी निसटते.

पीसीव्ही: शिट्टी वाजवणारा छोटा पार्ट

आमच्या राजेंद्रनगरातल्या एका ओळखीच्या मुलाची लॉरा उभ्या उभ्या बारीक शिट्टी वाजवायची. "काका, टर्बो गेला वाटतं," असं म्हणत तो गाडी घेऊन आला. एका गॅरेजने त्याला टर्बोचं कोटेशनही देऊन टाकलं होतं. गाडी सुरूच ठेवून मी डिपस्टिक अर्धा इंच वर ओढली, तर शिट्टी थांबली. परत दाबली, शिट्टी सुरू. मग ऑइलचं झाकण फिरवलं. ते दोन्ही हातांनी ओढावं लागलं आणि निघताच इंजिन गचके खाऊ लागलं. टर्बोला काहीही झालं नव्हतं. इंजिनावरच्या पीसीव्ही व्हॉल्व्हमधला रबरी पडदा फाटला होता.

पीसीव्हीचं काम इंजिनाच्या पोटातली वाफ ओढून परत जाळायला पाठवणं. पडदा फाटला की मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळाचं) सगळं व्हॅक्यूम थेट इंजिनाच्या पोटावर येतं. हवा मग क्रँकच्या मागच्या सीलच्या ओठातून आत शिरते आणि शिट्टी ऐकू येते. असंच चालवत राहिलात तर ते सील खराब होतं आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पीसीव्ही मात्र वरूनच काही स्क्रू काढून बदलता येतो, घरी, अर्ध्या-पाऊण तासात.

तपासणी वर सांगितली तशीच. झाकण उघडताना किंचित ओढ लागणं आणि आयडल जरा हलणं ठीक आहे. जोर लावावा लागला किंवा उलट झाकणातून भपकारे आले, दोन्ही वाईट. बदलताना सुधारित अक्षराचा पीसीव्ही घ्या आणि गॅस्केटची जागा पुसून बसवा. टर्बोच्या दिशेला जाणाऱ्या पाइपमध्ये बसणारा एकदिशा व्हॉल्व्हही तोंडाने फुंकून बघा. दोन्हीकडून हवा जात असेल तर तोही बदला, नाहीतर बूस्ट इंजिनाच्या पोटात शिरतो. बाजारात मिळणारे ऑइल कॅच कॅन (वाफेतलं ऑइल अडवणारे डबे) मी या गाड्यांना सुचवत नाही. चांगला पीसीव्ही असेल तर त्यांची गरज पडत नाही.

वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक

हा कच्चा पार्ट दोन्ही पिढ्यांत आहे. पंप आणि थर्मोस्टॅटचं आवरण प्लॅस्टिकचं. गरम-थंड होऊन त्याला केसाएवढ्या भेगा पडतात किंवा सील बसतं. ऑक्टेव्हियात तर कंपनीने हा पार्ट पुन्हा पुन्हा सुधारला. जागा मॅनिफोल्डच्या खाली आहे, त्यामुळे गळती वरून दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा आणि फ्लॅश चालू करून हात मॅनिफोल्डखाली घाला आणि व्हिडिओ काढा. गुलाबी किंवा पांढरट सुकलेली पपडी दिसली की समजा पंप गळतोय. गाडीखालून बघितलं तर गिअरबॉक्सच्या वरच्या कडेलाही अशीच पपडी जमलेली असते. कुलंटची टाकी दर महिन्याला थोडी उतरते आहे आणि जमिनीवर थेंब नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच. गरम इंजिनावर थेंब पडताच वाळून जातो.

मे महिन्यात इंदुरात पारा ४० च्या पुढे असतो. एसी पूर्ण, विजयनगरच्या सिग्नलवर दहा मिनिटं. अशा वेळी कुलंट कमी असलेली गाडी हेड गॅस्केट उडवते. म्हणून हा पार्ट 'गळायला लागला की बघू' या यादीत ठेवू नका.

बदलताना तीन गोष्टी. इंजिन पूर्ण थंड असू द्या. पंपाचा छोटा दातेरी पट्टा बॅलन्स शाफ्टवरून फिरतो आणि त्या पुलीचा बोल्ट उलट्या आट्याचा आहे. नेहमीच्या दिशेने जोर लावाल तर तुटेल. आणि पट्टा पंपाबरोबर नवाच टाकायचा.

कुलंट समूहाच्या मानकाचंच, जी१३ किंवा जी१२ इव्हो, डीमिनरलाइज्ड पाण्यात निम्मं-निम्मं. नळाला नर्मदेचं पाणी येत असलं तरी ते रेडिएटरमध्ये नको, बोअरिंगचं तर नकोच नको. भरताना व्हॅक्यूमने ओढून भरणारं साधन मिळालं तर हवा अडकत नाही. नसेल तर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, टाकीचं झाकण उघडं ठेवून भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा.

एकदा मॅनिफोल्ड निघालंच आहे तर

लॉराच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलने कधी धुतली जात नाही. पीसीव्हीतून आलेली ऑइलची वाफ तिथे भाजून कार्बनचे थर बसतात. सकाळी इंजिन मिसिंग करणं आणि पिकअप मंदावणं हे त्याचे परिणाम. पेट्रोलमध्ये टाकायचं कोणतंही औषध तिथवर पोचत नाही. अक्रोडाच्या टरफलाचा भुसा हवेच्या दाबाने मारून ते साफ करतात. ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचे व्हॉल्व्ह बंद हवेत, नाहीतर भुसा आत जाईल. पंपासाठी मॅनिफोल्ड काढावंच लागतं, तेव्हा ही दोन कामं एकाच वेळी करा. पी२०१५ कोड येत असेल तर मॅनिफोल्डमधल्या फ्लॅपची आर्म झिजली आहे, मग मॅनिफोल्डही त्याच वेळी.

जिवाशी खेळ होऊ शकतो अशी एक गोष्ट इथे आहे. इंजेक्टरच्या पाइपमध्ये जुन्या पिढीत १५० बार, तिसऱ्या पिढीत २०० बारपर्यंत दाब असतो. गाडी चालवून आल्या आल्या त्या पाइपचा जोड सोडू नका. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, रात्रभर गाडी उभी ठेवा आणि मगच जोडावर कापड धरून हळू सोडा. आणि गाडीखाली शिरायचं असेल तर जॅकच्या भरवशावर कधीही नाही. स्टँड लावूनच.

डायव्हर्टर व्हॉल्व्ह, कॉइल, प्लग

एक्सिलरेटर सोडल्यावर बूस्टची हवा परत वळवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह टर्बोलाच बसलेला असतो. जुन्या बनावटीत रबरी पडदा, तो फाटतो. सुधारित बनावटीत पिस्टन आहे, नंबरच्या शेवटी डी. तीन ॲलन बोल्ट काढले की हातात येतो. बघा, फाटला असेल तर डी घ्या. 'फुस्स' आवाज करत हवा बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह लावू नका. लॉराचं इंजिन आत येणारी हवा मोजून पेट्रोल देतं. मोजलेली हवा बाहेर गेली की मिश्रण बिघडतं.

कॉइल या गाड्यांत एकेकट्या जातात. पी०३०१ ते पी०३०४ पैकी जो कोड आला त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघा. कोड तिच्यामागे गेला तर कॉइल खराब. एक गेली असेल तर चारही बदला. प्लगसाठी मात्र बाजारातला सर्वांत चमकदार डबा घेऊ नका, कारण नकली प्लग फार आहेत. बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. गाडी स्टॉक, म्हणजे बदल न केलेली, असेल तर कंपनीचाच प्लग आणि कंपनीचाच गॅप. रिमॅप केल्यावर एक पायरी थंड प्लग आणि साधारण ०.६ मिलिमीटर गॅप हे चांगलं जुळतं. घट्ट करताना टॉर्क पाना वापरा, हेड ॲल्युमिनियमचं आहे.

गिअरबॉक्स: इथे घाई करू नका

डीक्यू२०० मध्ये दोन कमजोर जागा आहेत. पहिली म्हणजे वर सांगितलेली २५० न्यूटन-मीटरची मर्यादा. ऑक्टेव्हिया १.८ चं इंजिन कंपनीतूनच नेमक्या २५० वर सोडलेलं आहे, म्हणजे शिल्लक काहीच नाही. दुसरी म्हणजे मेकॅट्रॉनिक, गिअर बदलणारा कॉम्प्युटर आणि हायड्रॉलिकचा संच. त्यात दाब साठवणारा एक डबा असतो आणि तो जिथे आट्याने बसतो तिथलं ॲल्युमिनियम तडकतं. मग हायड्रॉलिक ऑइल गळतं, पंप सतत चालत राहतो, पी१७बीएफ कोड येतो आणि गाडी रस्त्यात गिअर टाकेनाशी होते. पूर्ण मेकॅट्रॉनिक बदलायची गरज नेहमीच नसते. सुधारित, जाड केलेलं आवरण आणि नवा डबा मिळतो, पण हे काम ज्याने आधी केलंय आणि ज्याच्याकडे नंतर अडॅप्टेशन (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला नव्या पार्टशी जुळवणं) करायचं यंत्र आहे, त्याच्याकडेच द्या.

कोरड्या क्लचचा खरा शत्रू म्हणजे रांगत चालणं. राजवाड्याच्या किंवा पाटनीपुऱ्याच्या गर्दीत समोरची गाडी दोन फूट सरकली की आपणही दोन फूट सरकतो. दर वेळी क्लच अर्धा घासतो आणि तापतो. ब्रेक पूर्ण दाबलेला असेल तर क्लच सुटलेला असतो, त्यामुळे डीमध्ये ब्रेक दाबून थांबणं चालतं. पण गाडीभर जागा मोकळी होईपर्यंत थांबा आणि मग एकदम पुढे घ्या. स्कॅनरवर दोन्ही क्लचची झीज आणि तापमान दिसतं, तेही वर्षातून एकदा लिहून ठेवा.

आता रिमॅप. डीक्यू२०० असलेल्या गाडीला टॉर्क वाढवणारा रिमॅप करू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. कितीही जणांचं 'चालतंय' ऐकलं तरी. मॅन्युअल गाडी असेल तर इंजिनाकडे जागा आहे. तिथे आधी क्लचची परीक्षा घ्या. मोकळ्या रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण एक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढतो आणि वेग मागे राहतो, तर क्लच स्टॉक टॉर्कलाच सुटतोय. आणि ज्यांच्याकडे ऑक्टेव्हिया आरएस २३० आहे त्यांची डीएसजी सहा गिअरची, ओल्या क्लचची, डीक्यू२५०. ती जास्त टॉर्क पेलते. तिला दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर लागतो. आधीच्या मालकाने ते केल्याचं बिल नसेल तर ते केलेलं नाही, असं समजून चाला.

फाउंडेशन, बुश, ब्रेक

इंजिनाच्या खालचं फाउंडेशन, ज्याला डॉगबोन म्हणतात, कंपनीतून मऊ येतं. जोरात निघताना पुढची चाकं उड्या मारतात ते यामुळे. त्यात कडक पॉलियुरेथेनचा गट्टू बसवणं स्वस्त आहे आणि फरक लगेच जाणवतो. केबिनमध्ये थोडी थरथर वाढते, ती चालवून घ्या. जुन्या गाडीत लोअर आर्मचे बुशही याच वेळी बघा.

ब्रेकमध्ये मोठ्या डिस्कच्या मागे लागण्याआधी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. मानपूरहून धामनोदकडे उतरताना गणपती घाटात ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात इंदूरकरांना नव्याने सांगायला नकोत. असा कुठलाही उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरायचा नाही, गिअर खाली घेऊन उतरायचा. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं, गाडी उभी राहिली असली तरी. पॅड चांगल्या कंपनीचे घ्या, डिस्क पातळ झाली असेल तर तीही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. जास्त ताकदीची गाडी जुन्या, कडक झालेल्या टायरवर चालवू नका, त्यावर नक्षी कितीही शिल्लक असली तरी.

इंटरकूलर आणि उन्हाळा

ऑक्टेव्हियात एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर एकामागे एक उभे आहेत. आपल्याकडे माळव्यात सोयाबीन निघण्याच्या दिवसांत आणि गहू कापणीच्या वेळी रस्त्यावर इतका भुसा उडतो की या तिघांमधली फट भरून जाते. नवा इंटरकूलर घेण्याआधी पुढचा बंपर काढून ती फट हलक्या दाबाच्या पाण्याने, मागून पुढे, धुवा. प्रेशर वॉशर लावू नका, पत्र्या वाकतात.

मग स्कॅनरवर इनटेकच्या हवेचं तापमान बघत चालवा. बाहेरच्यापेक्षा १५-२० अंश जास्त असेल तर ठीक. चढावर ते वाढतच गेलं आणि उतरेना, तर कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो, ताकद कमी होते. अशा गाडीला मोठा इंटरकूलर रिमॅपपेक्षा जास्त उपयोगी पडतो, आणि गिअरबॉक्सवरही वेगळा भार येत नाही, कारण त्याने फक्त मूळची ताकद उन्हातही टिकते. तापमान बघायला मला खलघाटहून इंदूरकडे परतीचा रस्ता आवडतो. लांब सलग चढ आहे, त्यामुळे वेगमर्यादेत राहूनही इंजिनावर चांगला भार येतो.

पेट्रोल कोणतं भरायचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेवढा ऑक्टेन तरी हवाच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, तेव्हा दहा-बारा वर्षांच्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाइप वर्षातून एकदा हाताने दाबून, वाकवून बघा. भेगा दिसल्या तर लगेच बदला.

कुठे घ्यायचं, काय कायदेशीर

छोटी ग्वालटोली आणि सियागंजात नट-बोल्ट, होज पाइप, क्लॅम्प, सगळं मिळतं. टेन्शनर, पीसीव्ही, पंप असे पार्ट मात्र चॅसी नंबर देऊन मागवा. कंपनीचा खोका महाग वाटला तर मूळ उत्पादकाचा घ्या: साखळीसाठी आयविस, कॉइलसाठी एल्डोर किंवा बॉश, प्लगसाठी एनजीके. जुने पार्ट परत मागून घ्या आणि ते खरंच तुमच्याच गाडीचे आहेत ना ते बघा.

सुधारित अक्षराचा मूळ पार्ट टाकणं म्हणजे दुरुस्ती, त्यात अडचण नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं तर अजिबातच नको. पीयूसीत गाडी नापास होते आणि मागच्याच्या नाकात धूर जातो. कुठलाही बदल विमा कंपनीला न कळवता केलात तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

क्रम आणि त्यानंतर

लॉरासाठी: टेन्शनर, पीसीव्ही, मग पंप आणि कार्बन एकत्र, मग डायव्हर्टर आणि कॉइल, मग फाउंडेशन आणि ब्रेक. ऑक्टेव्हियासाठी: पंप, गिअरबॉक्सची तपासणी, पीसीव्ही, बूस्टचे पाइप, मग बाकीचं. एका वेळी एकच काम करा आणि पुढच्याआधी निदान आठवडाभर गाडी चालवा. तीन पार्ट एकत्र बदलले आणि नवीन आवाज आला तर तो कशामुळे आला, ते शोधता येत नाही.

ऑइल फोक्सवॅगनच्या ५०२ ०० किंवा ५०४ ०० मानकाचं, गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते. पुस्तकात १५,००० किलोमीटर लिहिलेलं असलं तरी आपल्या धुळीत आणि उन्हात ७,५०० ला बदला. आणि प्रत्येक कामानंतर १,००० किलोमीटरवर चार गोष्टी पुन्हा बघा: कोड, ऑइलची पातळी, थंड इंजिनावर कुलंटची पातळी आणि मॅनिफोल्डखालचा तो व्हिडिओ.